‘तापीकाठचा टायगर’मधल्या रंभाबाई

निरंजन मास्तरांचा पाय वायरीत अडकला आणि ‘तापीकाठचा टायगर’ ऐन डरकाळीत मुका झाला.

खरं तर मास्तर उठले होते ते पळून जायला. रविवारची दुपार, मंगल कार्यालयाचा हॉल, आणि एरवी जिथे वधूवरांची नावं थर्माकोलमध्ये लावतात त्या भिंतीवर ताणलेल्या चादरीवर गोटूचा सिनेमा. गोटू हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. लग्नाचं शूटिंग करायचा. त्याने घरी येऊन, पाया पडून, “सर, तुम्ही नाही आले तर मी पिक्चर चालूच नाही करणार,” असं सांगितलं होतं. तेव्हाच मास्तरांनी घरी राहायला हवं होतं. सगळ्या बुऱ्हाणपुरावर उपकार झाले असते.

सिनेमा कसा होता हे सांगायलाही मास्तरांचा घसा कोरडा पडतो. हिरो अक्षय. त्याच्याकडे स्वतःची बुलेट होती, आणि हिरोपदासाठी गोटूने याहून जास्त काही मागितलंच नव्हतं. हिरोईन रंजिता केळीच्या बागेत उंच टाचांचे सँडल घालून पळत होती; पळता पळता चिखलात रुतायची, आणि पुढच्या दृश्यात कोरड्या पायांनी नाचायची. खलनायक अंधारातही काळा चष्मा काढत नव्हता. थप्पड आधी बसायची आणि तिचा आवाज, एस.टी.ने आल्यासारखा, मागाहून पोचायचा. गोटूने ड्रोन दिवसभरासाठी भाड्याने आणला होता, त्यामुळे कुणी नुसतं पाणी मागितलं तरी कॅमेरा असीरगडावरून एक गिरकी मारून येत होता.

तिसरी गिरकी सुरू झाली तेव्हा मास्तर वाकून, मागच्यांना अडचण होऊ नये इतक्या सभ्यपणाने, भिंतीच्या कडेकडेने निघाले. आणि स्पीकरची वायर त्यांच्या चपलेत आली. काहीतरी ‘खट्’ झालं. आवाज गेला. चित्र मात्र चालू राहिलं.

“कोन बे तिकडं!” मागून कुणीतरी ओरडलं. गोटूची माणसं मोबाइलचे दिवे लावून वायरीचं तोंड शोधायला लागली. मास्तर चोरासारखे भिंतीला चिकटले, आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर चुलीपुढे एक बाई कणीक मळत होती. दारात टायगरचा मित्र येऊन उभा राहिला आणि तोंडाची उघडझाप करू लागला. शब्द ऐकू येत नव्हते, पण कळत होतं. बाईचा थोरला मुलगा मारला गेला होता. आवाज चालू असता तर याच क्षणी वीज कडाडली असती, तुतारी वाजली असती, आणि गोटूने स्वतःच्या गळ्यातून काढलेला “नहीऽऽऽ” हॉलच्या छतावर जाऊन आपटला असता. यातलं काहीच झालं नाही.

बाई रडली नाही. तिने छाती बडवली नाही. कणकेचा गोळा ताटलीखाली झाकला. उठली. कुठे जायला उठली ते तिचं तिलाही माहीत नसावं. आणि उठता उठता, कामाला लागणाऱ्या कुठल्याही बाईचा जातो तसा, तिचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला, बांगड्या वर सारायला. मनगटावर काहीच नव्हतं. सिनेमातली ती कित्येक वर्षांची विधवा होती. हात तिथेच राहिला. तिने मनगटाकडे पाहिलं, मग दारातल्या पोराकडे, मग पुन्हा मनगटाकडे. मागे एकदा असंच कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं होतं, हे तिने कुणालाही सांगितलं नाही, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते समजलं.

शेंगदाणे खाणारे हात पुडीतच थांबले. बाईने कणीक झाकली तेव्हाच मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला होता आणि पुढचं सगळं टिपून घेतलं होतं. का, ते त्यांनाही कळलं नाही. घर जळताना माणूस हाताला लागेल ते उचलून बाहेर पळतो, तसंच काहीसं.

मग वायर सापडली. हॉल गडगडला, टायगर बुलेटवरून आला, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

“अरे,” मास्तर भिंतीलाच म्हणाले, “या तर आपल्या रंभाबाई!”

बुऱ्हाणपुरातच, राजपुरा मोहल्ल्यात, वेशीच्या अलीकडे रंभाबाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक आत बसलं की दुसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढंच. माहेर तुकईथडचं, घरची कापसा-केळीची शेती. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने गादीवर बसवून पहिला धडा दिला तो शब्दांचा: दुकानात बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. दुसरा धडा हातांचा: जुन्या बांगड्या उतरवून नव्या भरताना एक तरी हातात राहू द्यायची, सवाशिणीचं मनगट क्षणभरही उघडं पडता कामा नये. रंभाबाई ते सगळं शिकल्या. आणि कुणी न शिकवलेली एक गोष्टही करू लागल्या. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की त्या तेवढ्यापुरत्या ते गिऱ्हाईकच व्हायच्या. सराफाची सून हात कसा पुढे करते, जणू परत मिळणार नाहीये. नव्या नवरीची आई लेकीच्या हातात बांगडी चढताना स्वतःचेच ओठ कसे चावते. शेजारच्या अत्तरवाल्यापासून समोरच्या, दरबा नावाची मिठाई विकणाऱ्यापर्यंत सगळे हसून लोळायचे. रंभाबाईंचे यजमान भिकनराव मात्र गल्ल्यावरून म्हणायचे, “बस करा आता. गिऱ्हाईक आयकीन.”

ही बाई सिनेमात गेली कशी, ते गोटूने सिनेमा संपल्यावर मास्तरांना सांगितलं. आईच्या भूमिकेसाठी खंडव्याची एक बाई ठरली होती, ती ऐन वेळी आली नाही. गल्लीतल्या साऱ्या बायकांना विचारून झालं. भूमिका विधवेची म्हटल्यावर प्रत्येकीने दार लावून घेतलं. नवरा जिवंत असताना कुंकू पुसायचं? हात उघडे करायचे? गोटू रंभाबाईंच्या दुकानात गेला होता तो भूमिकेसाठी नाहीच. आईने मुलाच्या मरणानंतर खळाखळा बांगड्या फोडायच्या, त्या विकत घ्यायला.

“काकू बोल्या, बाई आधीच विधवा आहे ना रे गोट्या, मग बांगड्या कुठून आल्या फोडायला? मी बोल्लो, काकू, पब्लिक इतना नहीं सोचती. तर काकू उठल्या, बांगड्या उतरवून देवापुढे ठेवल्या, आणि बोल्या, चल. मी बसते तुया चुलीजवळ.”

“आणि तू त्यांचं नाव कुठे टाकलंस?” मास्तरांनी विचारलं. कारण शेवटच्या नावांमध्ये ड्रोनवाला होता, पाण्याच्या बाटल्या देणारा होता, बुलेट धुणाराही होता. रंभाबाई नव्हत्या.

“आहे ना सर. ‘आणि मोहल्ल्यातील महिला मंडळ’. त्याच्यात आल्या.”

मास्तरांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. “गोटू, त्या सगळ्या सिनेमात माणूस एकच आहे. बाकी सगळे पुतळे आहेत, आणि तेही पडके.”

“सर, तुम्ही सर आहे म्हणून ऐकून राह्यलो. पण तोच सीन थंडा गेला ना! एक शिट्टी नाही आली. आणि काकूंनी मिस्टेक पण केली, ते मनगट चाचपत बसल्या. मी तर तो सीन उडवणार आहे. शुक्रवारी यूट्यूबवर टाकायचंय, त्याच्या जागी रंजिताचा एक डान्स टाकतो.”

“मिस्टेक?” मास्तरांचा आवाज शाळेतल्या घंटेइतका वर गेला. “आयुष्यभर कॅमेरा हातात धरलास, आणि त्याच्यातून एकदाही पाहिलं नाहीस?”

गोटू पाया पडला आणि डान्सची तयारी करायला निघून गेला.

मास्तर घरी आले तेच पेटलेले. त्यांची बायको सायली भाजी निवडत होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं, हावभाव करून, स्वतःचं मनगट धरून. सायली म्हणाली, “अहो, सवय असेल त्यांची. माझाही हात जातो.”

“सवय सगळ्यांना असते! ती कुठे ठेवायची हे एकीलाच कळलं!”

“बरं. पण माझ्यावर का ओरडताय?”

या देशात केळी पिकवणाऱ्याचं नाव नसतं, पेटीवर स्टिकर लावणाऱ्याचं असतं, असं काहीतरी मास्तर बराच वेळ बोलत राहिले. मग त्यांनी मोबाइल उचलला आणि तो मुका तुकडा शाळेच्या, गल्लीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, अशा सगळ्या गटांवर टाकला. खाली लिहिलं: ‘गोटूच्या सिनेमातल्या आपल्या रंभाबाई. ज्याला डोळे असतील त्याने बघा आणि हा प्रसंग वाचवा.’ अन्यायाविरुद्ध पहिली तोफ डागल्याच्या समाधानात ते जेवायला बसले.

आता तोफगोळा कुठे पडावा हे काही मास्तरांच्या हातात नव्हतं. तुकडा या गटातून त्या गटात गेला. जाता जाता खालचा मजकूर गळला, उरला नुसता व्हिडिओ. सकाळपर्यंत तो तुकईथडला पोचला. तिथे रंभाबाईंचा धाकटा भाऊ लोटू केळीच्या बागेत उभा होता. त्याने मोबाइल उघडला. आवाज नाही. सिनेमाचं नाव नाही. आपली ताई, कपाळ कोरं, दोन्ही हात उघडे, उभी आहे आणि मनगट चाचपते आहे.

लोटू बागेतूनच घराकडे पळाला.

रंभाबाईंना फोन केला तर त्या उचलेनात. सकाळी दुकान झाडताना त्या कधीच उचलत नाहीत. मग आणखी कशाची वाट पाहायची? जीप निघाली. लोटू, त्याची बायको मनकर्णा, चुलते, चुलत्या, आणि वाटेत ज्याला कळलं तो प्रत्येक जण. दुपारी राजपुऱ्यात जीप थांबली आणि मनकर्णाने पायरीवरच हंबरडा फोडला, “दाजी वं! आमच्या ताईले टाकून कसे गेले वं दाजीऽऽ!”

दाजी दुकानाच्या ओट्यावर बसून मावा जिलेबी खात होते.

“कोन गेलं?” भिकनरावांनी विचारलं.

मनकर्णाचा हंबरडा अर्ध्यावर तुटला. चुलतीने “अगं बाई!” म्हणून डोळेच मिटले. लोटू पुढे आला, भिकनरावांच्या खांद्याला हात लावून पाहिला, आणि मग संतापाने म्हणाला, “दाजी, तुमी जिते?”

“जिलेबी खाऊन राह्यलो ना मी! मेलेला मानूस खाते काय?”

निरंजन मास्तरांना बोलावणं आलं ते शाळा सुटता सुटता. दुकानासमोर जीप उभी, ओट्यावर तुकईथड बसलेलं, सगळ्यांच्या हातात चहा, आणि मधोमध भिकनराव, चेहरा बांगड्यांच्या लाल डबीसारखा.

“या मास्तर, या! मले जित्तेपनी मारलं तुमी!”

“भिकनराव, मी तर खाली स्पष्ट लिहिलं होतं...”

“काय लिव्हलं ते तुमच्यापाशी ठेवा! हे पाहा, चुलतसासरे दुखवट्याचा पांढरा टॉवेल घेऊन आले! मी बोल्लो व्हतो हिले, उघडे हात कॅमेऱ्याले दाखवू नको. म्हनून मी तो सिनेमा पाहाले गेलोच नही. आता गोट्याले सांगतो, काप तो सीन. आजच्या आज!”

“कापायचा?” मास्तरांचाही बांध फुटला. “म्हणजे तुम्हीसुद्धा? तो अडाणी गोटू म्हणतो थंड आहे म्हणून काप, तुम्ही म्हणता मी मेलो म्हणून काप! अहो, अख्खा सिनेमा कापून फेका, पण तेवढा ठेवा! जीपभर माणसं ऊर बडवत आली, ती काय त्या टायगरला पाहून आली? गोटूच्या ड्रोनला पाहून आली? रंभाबाईंच्या एका हाताला पाहून आली! आणि तुम्ही अजून पाहिलंसुद्धा नाही!”

चुलते म्हणाले, “हे खरं हाय. मी तं वाटेत दोन डाव रडलो.”

“पाह्यलं नही म्हनते तं पाहतो,” भिकनराव म्हणाले. “आन रे लोटू तुया मोबाइल. पाहतो आन मंग कापाले सांगतो.”

त्यांनी चष्मा लावला. सगळे मान वाकवून त्यांच्या खांद्यांवर आले. तुकडा सुरू झाला आणि संपला. भिकनरावांनी मोबाइल लोटूपुढे धरला.

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावला. या वेळी त्यांनी जिलेबीची पानाची पुडी बाजूला सारली.

“अजून एक डाव.”

आत गादीवर रंभाबाई मनकर्णाच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होत्या. एवढ्या लांबून आली, रडून रडून दमली, तिला मोकळ्या हाताने कसं पाठवायचं? बाहेरच्या भांडणात त्या एकदाही पडल्या नव्हत्या. भिकनरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि आत तोंड करून, जरा खालच्या आवाजात विचारलं, “हे... माह्यासाठी व्हतं?”

“पोरासाठी,” रंभाबाई म्हणाल्या. “सिनेमातल्या.”

“पन तो हात गेला तो?”

रंभाबाईंनी मनकर्णाचा अंगठा दाबून तळव्याशी नेला आणि बांगडी अलगद पलीकडे सरकवली. भिकनरावांचे कान हळूहळू लाल झाले. लोटूने पाहिलं, चुलत्याने पाहिलं, सगळ्या ओट्याने पाहिलं, आणि सगळेच एकदम चहाच्या कपात बघू लागले.

“सीन कापाचा नही,” भिकनराव घसा खाकरून म्हणाले. “कोन कापते ते पाहतो मी.”

एवढ्यात गोटूची स्कूटर येऊन थांबली. जीप भरून माणसं रडत आली, ही बातमी त्याच्या स्टुडिओपर्यंत गेली होती. त्याचा चेहरा लग्नाच्या मोसमासारखा फुलला होता.

“काकू! हिट! सुपरहिट! मी बोल्लो होतो ना सर, सीन मे दम है?”

“तू बोलला होतास?” मास्तर ओरडले.

“सर, टेन्शन नका घेऊ. कापत नाही. उलट बढिया करतो. दुपारपासून त्यावरच बसलोय, हे पाहा.” त्याने मोबाइल पुढे केला. चुलीपुढे रंभाबाई उठत होत्या आणि त्यांच्या अंगावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मग सगळं चित्र बदामाच्या आकारात बंद झालं. “बिदाईला मी हाच इफेक्ट मारतो. नवरीकडची पब्लिक गॅरंटीने रडते.”

मास्तर उभे होते ते खाली बसले. “पाकळ्या! अरे, त्या बाईचा मुलगा मेला आहे आणि तू तिला सासरी पाठवतोयस! तुझ्या डोक्यात लग्नाशिवाय काही शिरतच नाही का? उद्या तू कुणाच्या तेराव्यालाही बदाम लावशील!”

“एकदा लावला होता सर. त्यांना आवडला.”

मास्तरांचा हात खरोखरच चपलेकडे गेला. लोटूने तो धरला. भिकनराव म्हणाले, “गोट्या, फुलं काढ.” गोटू म्हणाला, “काका, पण पॅकेजमध्ये येतात ती.” चुलते म्हणाले, “गुलाबाऐवजी झेंडू चालीन का?” आणि सगळ्यांचंच एकदम बोलणं सुरू झालं. त्या कलकलाटात आतून रंभाबाई म्हणाल्या, “तिले आत्ताच कळलं हाय रे गोटू. फुलं मागून येतात.”

सगळे थांबले. गोटूने मोबाइलकडे पाहिलं. रंभाबाईंकडे पाहिलं. पहिल्यांदाच, मधे कॅमेरा न धरता.

“काढतो काकू,” तो म्हणाला. “बदाम पण काढतो.”

“वीज पण,” मास्तर म्हणाले. “तुतारी पण. आणि तो तुझा नहीऽऽऽ पण.”

“नहीऽऽऽ मी स्वतः दिलाय सर!”

“म्हणूनच.”

गोटूने मान हलवली. आवाज काढून टाकायचा, नुसतं चित्र ठेवायचं, नावांमध्ये रंभाबाईंचं नाव पाण्याच्या बाटल्यांच्या आधी टाकायचं, हे सगळं त्याने भिकनरावांच्या देखत कबूल केलं. मास्तरांना वाटलं, चला, एवढ्या मोठ्या उकिरड्यातून एक गोष्ट तरी धुऊन वर काढली. त्यांनी पहिल्यांदाच चहाचा कप उचलला.

“फक्त एक आहे काकू,” गोटू पायरीवर बसत म्हणाला. “पुढच्या पिक्चरला पण तुम्हीच पाहिजे. लीड! ‘चेटकिणीचा चौक’. लांब नखं, पांढरे केस, उलटे पाय. पिंपळावरून उतरता आणि सरपंचाला खाता. करणार ना?”

“करते,” रंभाबाई म्हणाल्या.

मास्तरांच्या कपातला चहा बशीत आला. “रंभाबाई! असं काय करता? तुमच्यासारख्या बाईने कुठं जायचं, पुण्याच्या रंगमंचावर जायचं, मी स्वतः चार माणसांना पत्र लिहितो. आणि तुम्ही याच्या पिंपळावर बसणार? केस सोडून? हा बेशरम तुमच्या तोंडातून धूर काढेल, डोळ्यांत लाल दिवे लावेल! अहो, असल्या चेटकिणीत अभिनय करण्यासारखं आहे तरी काय? काय करणार काय तुम्ही तिथे?”

रंभाबाईंनी मनकर्णाच्या हातातली शेवटची बांगडी नीट बसली की नाही ते पाहिलं, तिचा हात सोडला, आणि मास्तरांकडे वळून म्हणाल्या, “आधी गोटूले इचारते, तिचं कोन मेलं ते.”